टीव्ही बंद करू नका, मध्येच थांबवा

पत्राचा सारांश: मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवणाऱ्या एक शिक्षिका लिहितात की, गावाने लोकवर्गणी काढून शाळेला मोठा टीव्ही दिला. तेव्हापासून गणिताच्या तासाला त्या रोज व्हिडिओ दाखवतात. मुलं रमतात, एका सुरात उत्तरं देतात, बघताना सगळ्यांना कळतं, असं त्या म्हणतात. पण घटक चाचणीत शाब्दिक उदाहरण आलं की निम्मा वर्ग कोरा कागद देतो आणि उरलेला विचारतो, "मॅडम, अधिक करायचं का वजा?" पुस्तकातली नावं काढून गावातल्या मुलांची नावं घातली, आंब्यांच्या जागी सीताफळं आणली, तरी फरक नाही. एक मुलगा बाजाराच्या दिवशी वडिलांबरोबर भाजीच्या पालावर बसतो, सुटे पैसे बिनचूक परत देतो आणि चाचणीत २० पैकी ३ गुण मिळवतो. ज्येष्ठ सहकारी म्हणतात टीव्ही बंद करा, पाढे आणि सराव घ्या. केंद्रप्रमुख म्हणतात व्हिडिओ वाढवा. वर्गात तांड्यावरची मुलं आहेत, त्यांची भाषा कच्ची आहे. या मुलांची विचारशक्तीच कमी पडते का, अशी शंका त्यांना येते. टीव्ही ठेवावा की काढावा, हा त्यांचा प्रश्न.

ताई,

टीव्ही ठेवा. सहकाऱ्यांचे पाढेही ठेवा. काढायचीच असेल तर पत्रातली ती विचारशक्तीची शंका काढून टाका, कारण तिच्याविरुद्धचा पुरावा तुम्ही स्वतःच दिला आहे. पालावर बसणारा तो मुलगा विचार करत नसता, तर त्याच्या वडिलांनी त्याला गल्ल्याजवळ बसू दिलं नसतं.

आधी व्हिडिओचं पाहू. "बघताना सगळ्यांना कळतं," असं तुम्ही लिहिता. हे तुम्हाला कशावरून कळलं? एका सुरात आलेल्या उत्तरावरून. पण त्या सुरात किती जण उत्तर देतात आणि किती जण शेजाऱ्याचं ओठ हलणं पाहून अर्ध्या क्षणाने सूर मिळवतात, हे सांगता येत नाही. पुढच्या वेळी सगळ्यांना उत्तर पाटीवर लिहून एकदम वर धरायला सांगा. चित्र बरंच वेगळं दिसेल.

आता नेहमीचा व्हिडिओ आठवा. पडद्यावर २४ आंबे येतात, ६ मुलं येतात, गोड आवाज म्हणतो, "चला, समान वाटून पाहू या!" आंबे उडत उडत सहा टोपल्यांत जातात आणि "प्रत्येकी ४!" असं झळकतं. यात गणित कुठे झालं? वाटायचं आहे हे आवाजाने ठरवलं. समान वाटायचं हेही त्यानेच ठरवलं. लागणारे दोन आकडे त्याने पुढे आणून ठेवले, आणि उत्तर बरोबर आहे की नाही हेही तपासून टाकलं. पाव्हण्यानं पंगतीत बसावं तशी मुलं बसली होती, वाढलं ते खायला. शाब्दिक उदाहरणात जे अवघड असतं ते सगळं त्या आवाजाने उरकलं आणि मुलांच्या वाट्याला आलं फक्त २४ भागिले ६, जे त्यांना आधीपासूनच येत होतं.

गॅव्ह्रिएल सॉलोमन या शिक्षण-मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सहावीच्या काही मुलांना एक गोष्ट टीव्हीवर दाखवली आणि काहींना तशीच गोष्ट वाचायला दिली. टीव्ही सोपा, वाचन अवघड, असं मुलांचं आधीच ठरलेलं होतं. त्यामुळे टीव्हीपुढे त्यांनी डोकं कमी चालवलं, आणि गोष्टीवरून अनुमान काढायच्या प्रश्नांत वाचणारी मुलं पुढे राहिली. तुमची मुलं डोलतात, हसतात, याचा आनंद आहेच. पण ती रमली म्हणजे ती विचार करत होती, असा हिशेब मांडता येत नाही.

"अधिक का वजा?" या प्रश्नावर मात्र चिडू नका. वर्गात आजवर जे चाललं, त्यातून निघालेला तो अगदी शहाणा प्रश्न आहे. भागाकाराच्या धड्याखालची सगळी उदाहरणं भागाकाराची असतात, वजाबाकीच्या धड्याखालची वजाबाकीची. मुलं चार महिन्यांत ओळखतात की उदाहरण वाचायची गरज नाही, धड्याचं नाव वाचलं की पुरे. चाचणीत धड्याचं नाव नसतं, म्हणून ती तुम्हाला विचारतात.

फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या गणित-शिक्षण गटाने १९८० च्या सुमारास सात-आठ-नऊ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी आकडेमोड करून वय सांगितलं. बहुतेक वेळा ते ३६ आलं. ही मुलं बावळट नव्हती. मास्तरांनी विचारलंय म्हणजे उत्तर असणार, दोन आकडे दिलेत म्हणजे दोन्ही वापरायचे, हा शाळेचा न लिहिलेला नियम त्यांनी इमानदारीने पाळला. उद्या तुमच्या वर्गात विचारून बघा: एका मेंढपाळाकडे ४५ मेंढ्या आणि ३ कुत्री आहेत, तर मेंढपाळाचं वय किती? किती जण ४८ म्हणतात, किती जण १५, ते मोजा. आणि मग हसू नका. "याचं उत्तर देता येत नाही" असं म्हणणाऱ्या पोराला सगळ्यांसमोर शाबासकी द्या. असं म्हणायची परवानगी आहे, हे मुलांना बहुधा पहिल्यांदाच कळेल.

आणखी एक. तुमच्या भिंतीवर "एकूण, मिळून म्हणजे बेरीज, उरले, शिल्लक म्हणजे वजाबाकी, प्रत्येकी म्हणजे भागाकार" असा तक्ता असेल, तर तो उतरवा. बहुतेक शाळांत असतो, मोठ्या अक्षरात, रंगवलेला. "गणेशकडे १२ गोट्या आहेत. त्या सलीमपेक्षा ५ ने जास्त आहेत. तर सलीमकडे किती?" यात "जास्त" हा शब्द पाहून मूल बेरीज करतं आणि १७ लिहितं. तक्त्याने त्याला न वाचण्याची वाट दाखवली. हा तक्ता माझ्या मते शाब्दिक उदाहरणांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, आणि तो आपणच हौसेने टांगलेला असतो.

आता पालावरच्या मुलाकडे येऊ. त्याच्यासारख्यांचा अभ्यास झालेला आहे. ब्राझीलच्या रेसिफे शहरात टेरेझिन्या नुनेस कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांकडे गिऱ्हाईक बनून खरेदी केली. मुलं ९ ते १५ वर्षांची होती. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार रस्त्यावरच्या हिशेबात ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. पुढे त्याच मुलांना तशीच गणितं शाब्दिक उदाहरणं म्हणून दिली तेव्हा ७४ टक्के, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा जेमतेम ३७ टक्के. मुलं तीच, गणितं त्याच धर्तीची.

इथे अनेकांना वाटतं, चला, मग मुलांना बाजारात नेलं की झालं. तसं होत नाही. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह काही संशोधकांनी कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. बाजारातली मुलं अवघड व्यवहार तोंडी करतात, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितात अडतात. उलट, शाळेतली मुलं वहीत ठीक करतात आणि बाजारातला हिशेब समोर आला की गोंधळतात. दोन्हीकडचं ज्ञान आपापल्या जागी बसून राहतं. पूल कुणीतरी बांधावा लागतो, आणि तो बांधायची नोकरी, ताई, तुमची आहे.

कसा बांधायचा? त्या मुलाला उभं करून "तू बाजारात कसं करतोस ते सांग" एवढंच म्हटलंत तर तो लाजेल. त्यापेक्षा वर्गात खरा सौदा करा. समजा, वांगी ६० रुपये किलो, कोथिंबीर १० रुपये जुडी. तुम्ही पाऊण किलो वांगी आणि दोन जुड्या घ्या, १०० ची नोट द्या. तो मनात म्हणेल: अर्धा किलोचे ३०, पावाचे १५, झाले ४५. जुड्यांचे २०, झाले ६५. मग पैसे परत देताना वजाबाकी करणारच नाही. ६५ ला ५ दिले, ७० झाले, वर ३० दिले, १०० झाले. हातात ३५. वहीत हेच गणित १०० वजा ६५ असं उभं मांडलं की एककात शून्य, दशकात शून्य, हातचा कुठून आणायचा या गोंधळात तो बुडतो.

तुमचं काम त्याचं बोलणं फळ्यावर उतरवण्याचं. एक आडवी रेष ओढा, आकडे न लिहिलेली. तिच्यावर ६५, मग ५ ची उडी, ७०, मग ३० ची उडी, १००. शेजारी उभी वजाबाकी मांडा. दोन्हीकडे ३५ का आलं, यावर दहा मिनिटं बोलू द्या. दुसऱ्या दिवशी ४०० वजा २७३ द्या आणि ज्याला ज्या रीतीने करायचं त्या रीतीने करू द्या. उडीची रीत ही कमी दर्जाची आणि उभी मांडणी ही खरी, असं मात्र चेहऱ्यावरही दिसू देऊ नका. मुलांना ते लगेच कळतं.

नावं बदलूनही फरक पडला नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं. मला नाही वाटलं. रमेशचा बालाजी झाला आणि आंब्याची सीताफळं झाली, तरी उदाहरण होतं तिथेच राहिलं. एखादा प्रसंग खरोखर जगण्यातला आहे का, हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे: प्रसंग काढून टाकला तर उत्तर बदलतं का? न बदलल्यास तो प्रसंग नुसती झालर आहे. तीन उदाहरणं सांगते. ५० मुलांना सहलीला न्यायचंय, एका जीपमध्ये ८ बसतात, जीप किती? ५० रुपये आहेत, ८ रुपयांची पेन्सिल, किती येतील? ५० लाडू ८ जणांत वाटायचे, प्रत्येकाला किती? तिन्ही ठिकाणी ५० भागिले ८, भागाकार ६ आणि बाकी २. पण जीप ७ लागतात, पेन्सिली ६ येतात, आणि लाडू प्रत्येकी ६ देऊन उरलेले दोन फोडले की आणखी पाव-पाव मिळतो. इथे प्रसंगाला काम आहे.

हे चौथीच्याच मुलांना जड जातं असं समजू नका. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की, १,१२८ सैनिक आहेत, एका बसमध्ये ३६ बसतात, बस किती लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ हे उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. २९ टक्क्यांनी लिहिलं, "३१, बाकी १२". बारा सैनिक रस्त्यावर उभे राहिले आणि कुणाला काही वाटलं नाही.

आता टीव्हीकडे. हा भाग मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्याकडे साधन आहे आणि तुमच्यासारख्या शेकडो शाळांकडे ते आहे.

अमेरिकेत टेनेसी राज्यात व्हँडरबिल्ट विद्यापीठ आहे. तिथल्या एका गटाने १९९० च्या आसपास जॅस्पर वुडबरी या पात्राभोवती गणितासाठी बारा व्हिडिओ-गोष्टी तयार केल्या, पाचवी आणि पुढच्या वर्गांसाठी. एका गोष्टीत जॅस्पर जुनी मोटरबोट विकत घेतो. बोटीचे दिवे चालत नाहीत. गोष्ट संपते ती प्रश्नावर: सूर्य मावळायच्या आत तो घरी पोचेल का, आणि इंधन पुरेल का? उत्तर व्हिडिओत नाही. पण लागणारी सगळी माहिती गोष्टीत विखुरलेली आहे. कुठे नकाशा दिसतो, कुठे कुणी बोलता बोलता वेग सांगतं. नको असलेली माहितीही भरपूर आहे. मुलं मागे जाऊन शोधतात. काय शोधायचं हे ठरवणं हेच अर्धं गणित असतं.

त्या काळी त्यासाठी ताटाएवढ्या व्हिडिओ-तबकड्या लागत. तुम्हाला मोबाइल पुरेल. आणि विषय तर शाळेच्या स्वयंपाकघरात रोज शिजतो.

पोषण आहाराचं प्रमाण तुम्हाला पाठच असेल: पहिली ते पाचवीसाठी एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. स्वयंपाक करणाऱ्या ताईंची परवानगी घेऊन दोन-तीन मिनिटांचं चित्रण करा. हजेरीचा फळा दिसू द्या: पट ६३, हजर ५८. ताई तांदूळ मोजताना दिसू द्या, आणि मोजताना त्या सहज म्हणू देत, "एका लेकरामागं शंभर ग्रॅम." भिंतीवरच्या तक्त्यावरून कॅमेरा फिरू दे, त्यावर डाळीचा आणि तेलाचा आकडाही असेल, तो असू दे. पोत्यातला उरलेला तांदूळ काट्यावर ठेवला की २१ किलो दिसू दे, पण थोडाच वेळ. शेवटी ताई कॅमेऱ्याकडे बघून विचारतात, "मॅडम, ह्यो तांदूळ शनिवारपर्यंत पुरंल का?" आणि व्हिडिओ संपतो. मुलांचे चेहरे घ्यायची गरज नाही, आणि हे चित्रण कुठल्याही गटावर पाठवायचीही गरज नाही.

दाखवताना पहिल्या वेळी थांबवू नका. संपल्यावर आकड्यांबद्दल काहीच न विचारता "काय काय दिसलं?" एवढंच विचारा. मग अंदाज घ्या: पुरेल की नाही पुरेल, हात वर करा. अंदाज फळ्यावर लिहून ठेवा, पुसू नका. अंदाज केलेल्या मुलाला उत्तराची उत्सुकता असते, कारण त्यात आता त्याची बाजू लागलेली असते. मग विचारा, "हे ठरवायला आपल्याला काय काय कळायला हवं?" मुलं सांगतील ते लिहा, चुकीचंही लिहा. त्यानंतर व्हिडिओ दुसऱ्यांदा लावा, आणि या वेळी थांबवायचा अधिकार मुलांचा. ज्याला हवी ती माहिती दिसली, त्याने "थांबवा!" म्हणायचं. नियम एकच, कशासाठी थांबवलं ते सांगायचं.

मग जोड्यांनी काम. कुणी ५८ शंभर म्हणजे ५ किलो ८०० ग्रॅम असं काढेल आणि २१ मधून एकेक दिवस वजा करत जाईल. कुणी दिवसाला ६ किलो धरून १८ किलोत तीन दिवस असं अंदाजाने सांगेल. तीन दिवसांत १७ किलो ४०० ग्रॅम जातात, ३ किलो ६०० उरतात, चौथ्या दिवशी २ किलो २०० कमी पडतात. आणि मग एखादं पोरगं म्हणेल, "मॅडम, पण बाजाराच्या दिवशी एवढी पोरं कुठं येतात?" या वाक्यासाठी सगळा खटाटोप आहे. त्याला गप्प करू नका. मागच्या महिन्याची हजेरी काढा, बाजाराच्या दिवशी सरासरी किती असतात ते पाहा, पुन्हा हिशेब करा. खरा निकाल त्या आठवड्यातच लागेल. पोतं रिकामं कधी झालं ते ताई सांगतील, आणि फळ्यावरचे अंदाज तोवर तिथेच असतील.

एवढं मोठं सुरुवातीलाच नको वाटत असेल तर तांब्या-बादली घ्या. रिकाम्या बादलीत तांब्याने पाणी ओततानाचं सलग चित्रण करा. दाखवताना तीन तांब्यांनंतर थांबवा. आणखी किती लागतील? अंदाज, कारण, हिशेब, आणि मग पुढचा व्हिडिओ लावून सगळ्यांनी मोठ्याने मोजायचं. शेवटचा तांब्या अर्धाच लागतो, बादली वर रुंद असते म्हणून अंदाज चुकतो, थोडं पाणी सांडतं. उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावरून न येता डोळ्यांसमोर येतं. डॅन मायर या कॅलिफोर्नियातल्या गणित शिक्षकाने ही रीत तीन अंकी नाटकासारखी मांडली आणि २०१० नंतर ती जगभरच्या वर्गांत पोचली. पहिल्या अंकात प्रश्न पडतो, दुसऱ्यात माहिती शोधून हिशेब होतो, तिसऱ्यात खरं काय झालं ते दिसतं. आपले तयार व्हिडिओ तिसऱ्या अंकापासूनच सुरू होतात, ही खरी अडचण आहे.

तयार व्हिडिओ फेकायचे नाहीत. बालभारतीच्या पुस्तकावरचा कोड दीक्षा या सरकारी ॲपमधून उघडता, ते चालू ठेवा. घड्याळाचे काटे फिरताना, कागदाची घडी घालून सममिती दाखवताना, हलतं चित्र फळ्यापेक्षा चांगलंच. शाब्दिक उदाहरणाचा व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून लावा, किंवा आवाज "चला, वाटून पाहू या" म्हणायच्या आत थांबवा. बाकी वर्ग सांभाळेल.

प्रत्येक वेळी व्हिडिओच हवा असंही नाही. एसटीचं उदाहरण घ्या. घरातले सात जण लग्नाला निघालेत: आजोबा ७७ वर्षांचे, आजी ६८ च्या, आई, बाबा, ताई १४ ची, मुलगा ९ चा, धाकटी ४ वर्षांची. पूर्ण तिकीट १२० रुपये धरा. ७५ च्या पुढच्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं, ५ ते १२ च्या मुलांना अर्धं, पाचच्या आतल्याला काहीच नाही. आजोबांचे शून्य, आजी, आई, ताई आणि मुलगा यांचे ६०-६०, बाबांचे १२०, धाकटीचे शून्य. एकूण ३६०. सात गुणिले १२० करणाऱ्याला ८४० येतील आणि घरातलं कुणीही त्याला वेड्यात काढेल. मग विचारा, ९ वर्षांची मुलगी असेल तर? मूल म्हणून अर्धं, मुलगी म्हणून त्याचं अर्धं, म्हणजे ३० का? वर्गात भांडण लागेल. निकाल तुम्ही देऊ नका, पुढच्या प्रवासात कंडक्टरला विचारून यायला सांगा.

भाषेबद्दल तुमचं म्हणणं मी नाकारत नाही. तांड्यावरून आलेल्या मुलाला पुस्तकातलं मराठी परकं वाटत असणार. पण "भाषा कच्ची" म्हणून गणित बाजूला ठेवून आधी वाचन पक्कं करायचं, या वाटेने वर्ष निघून जातं. त्याऐवजी उदाहरण फळ्यावर लिहिताना आकडे झाका. "एका पोत्यात काही किलो तांदूळ आहे. रोज काही किलो लागतो." आता काय चाललंय ते ज्याला ज्या भाषेत सांगायचं त्या भाषेत सांगू द्या. गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, सांगितलं तर शेजारचा मराठीत सांगेल. गोष्ट कळली की मग आकडे उघडा. आकडेच नसल्याने कुणी घाईने बेरीज करू शकत नाही, हा त्यातला फायदा.

आणि पूल पूर्ण होतो तो लिहिण्याने. खिचडीचा हिशेब झाला की प्रत्येक जोडीने तोच प्रसंग पुस्तकातल्या उदाहरणासारखा दोन-तीन ओळींत लिहायचा आणि शेजारच्या जोडीला सोडवायला द्यायचा. माहिती कमी पडली की शेजारचे ओरडतातच, "अरे, हजर किती ते लिहिलंच नाही!" अशी वीस-पंचवीस उदाहरणं स्वतः रचलेल्या मुलाला चाचणीतलं उदाहरण परक्या माणसाने लिहिलेलं वाटत नाही. हा भाग गाळलात तर कोलकात्याच्या त्या मुलांसारखं होईल. स्वयंपाकघरातलं गणित स्वयंपाकघरातच राहील.

ज्येष्ठ सहकाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांचं निम्मं बरोबर आहे. ज्या मुलाला ६ गुणिले ८ साठी बोटं मोजावी लागतात, त्याचं सगळं लक्ष तिथेच खर्च होतं आणि तांदळाचा प्रश्न मध्येच हरवतो. रोज दहा मिनिटं पाढे आणि तोंडी हिशेब घ्याच, मण्यांची गणितमाळ घेऊन घ्या, खेळ करून घ्या. फक्त पाढे पक्के झाल्यावर मगच शाब्दिक उदाहरणं, अशी रांग लावू नका. दोन्ही शेजारी-शेजारी चालू द्या. वेळेचं म्हणाल तर असा एक मोठा प्रश्न आठवड्यातून एकदा, एक पूर्ण तास. त्यात दोन-तीन धडे आपोआप येतात: गुणाकार, किलो-ग्रॅम, वजाबाकी.

हा सल्ला पालकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. दुकानात मुलाला पैसे द्या, उरलेले त्याने मोजून आणावेत, एवढं पुरे. गिरणीत, पेट्रोल पंपावर, लग्नात, सगळीकडे "सांग बरं किती झाले?" सुरू केलंत तर पोर तुमच्याबरोबर बाहेर यायचंच बंद करेल. आणि शाळांत आनंद मेळावा होतो, भेळ आणि लिंबू सरबताचे स्टॉल लागतात, पाहुणे येतात, फोटो निघतात. छान. पण दुसऱ्या दिवशी भांडवल किती, विक्री किती, उरलं काय, हा हिशेब मुलांच्या हातून झाला नाही, तर गणिताच्या दृष्टीने मेळावा झालाच नाही.

केंद्रप्रमुखांचं काय करायचं? महिन्यात किती व्हिडिओ दाखवले, असं ते विचारतील. आकडा कमी झालेला दिसेल. त्यांना मुलांनी रचलेली उदाहरणं दाखवा, आणि शक्य असेल तर तांब्या-बादलीच्या तासाला मागच्या बाकावर बसवा. अंदाज त्यांनाही करायला लावा.

सुरुवात तांब्यापासूनच करा. खिचडीचा व्हिडिओ दोन-तीन आठवड्यांनी. दुसऱ्यांदा लावल्यावर कुणीच "थांबवा" म्हटलं नाही, तर बहुधा माहिती फार ठळक झाली आहे. पुढचं चित्रण करताना काट्यावरचा आकडा मधोमध न घेता कोपऱ्यात जाऊ द्या, आणि हजेरीचा फळा ताईंच्या पाठीमागे अर्धवट दिसू द्या.